जिवाणू घडवतात माणसाचे प्रथिन

चाळीसगावातील एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधून मिळणाऱ्या 'लिपिड प्रोफाइल'च्या अहवालात 'एचडीएल' हा आकडा हमखास असतो. 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणून तो ओळखला जातो. मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून प्रवास करण्यासाठी त्याला प्रथिनांचे वाहन लागते. एचडीएल हे असेच एक वाहन आणि 'अपोलिपोप्रोटीन ए-वन' हे त्यातील प्रमुख प्रथिन. २४३ अमिनो आम्लांची ही साखळी धमन्यांच्या भिंतींतील कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेण्यास मदत करते.

या प्रथिनाकडे औषध म्हणून लक्ष गेले ते इटलीतील लिमोने या सरोवराकाठच्या लहानशा गावामुळे. १९७४ च्या सुमारास तेथील एका रेल्वे कर्मचाऱ्याची मिलान येथे तपासणी झाली. त्याचे एचडीएल अतिशय कमी होते, तरीही धमन्या निरोगी होत्या. त्याच्या प्रथिनातील १७३ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल होते. या बदललेल्या रूपाला 'मिलानो' असे नाव मिळाले. गावातील मोजक्याच कुटुंबीयांत आढळणारे हे प्रथिन रुग्णांना द्यायचे, तर ते तयार करावे लागणार होते.

येथे 'ई. कोलाय' हा जिवाणू मदतीला आला. मानवी जनुकातील निरर्थक वाटणारे मधले तुकडे जिवाणूला वगळता येत नाहीत. म्हणून यकृतपेशींतील संदेशवाहक आरएनएवरून जनुकाची सलग प्रत तयार करतात. विशिष्ट विकरांच्या साहाय्याने ती 'प्लाझमिड' या वर्तुळाकार डीएनएत जोडून जिवाणूत सोडली जाते. प्लाझमिडमध्ये प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही असते. त्यामुळे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात केवळ प्लाझमिड स्वीकारलेले जिवाणूच तगतात. अनुकूल स्थितीत ते दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. योग्य रसायन मिसळताच मानवी प्रथिन घडू लागते. या प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडाव्या लागत नाहीत, ही मोठीच सोय. इन्सुलिनही जिवाणूंकडूनच १९७८ मध्ये तयार झाले व १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झाले.

खरी कसोटी शुद्धीकरणात लागते. जिवाणूच्या आवरणातील विषारी घटक वा त्याची स्वतःची प्रथिने अल्प प्रमाणात जरी उरली, तरी रुग्णाला ताप किंवा तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

२००३ मध्ये अमेरिकेतील एका छोट्या चाचणीने आशा उंचावल्या. आठवड्यातून एकदा, अशा पाच मात्रांनंतर हृदयाच्या धमन्यांतील थर किंचित घटल्याचे दिसले. मात्र रुग्ण होते अवघे ४७. सुधारित औषधाची पुढची चाचणी २०१६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा औषधविरहित द्रावणाच्या तुलनेत फरक आढळला नाही आणि प्रकल्प थांबला. मानवी रक्तातून वेगळे काढलेले हेच प्रथिन अठरा हजारांहून अधिक रुग्णांवर वापरून पाहिले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतही पहिल्या नव्वद दिवसांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व मृत्यू यांत लक्षणीय घट झाली नाही.

जिवाणूंकडून प्रथिन करवून घेण्याचे तंत्र यशस्वी ठरले. 'एचडीएल वाढवले की हृदय वाचते' हे सोपे समीकरण मात्र सिद्ध झाले नाही. म्हणून अहवालातील एका आकड्यावर विसंबून चालणार नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि 'एलडीएल' यांवरील नियंत्रण हाच आज हृदयरक्षणाचा खात्रीचा मार्ग आहे.