न्यायसहायक विज्ञानाची पदवी : विद्यापीठ कसे निवडावे?

गेल्या वर्षी जून महिन्यात एका संध्याकाळी माझा धाकटा भाऊ सांगलीहून आला, तो हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याची हळदीची अडत आहे. सोबत त्याची मुलगी होती. ती बारावीला विज्ञान शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. पाण्याचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच भाऊ म्हणाला, "दादा, आता तुम्हीच हिला समजावा. सी.ए. हो म्हणावे, नाहीतर फार्मसी कर म्हणावे. हिला गुन्ह्यांचा तपास शिकायचा आहे!"

माहितीपत्रक एका दूरच्या खासगी विद्यापीठाचे होते. मुखपृष्ठावर भिंग, बोटांचे ठसे आणि पांढऱ्या डगल्यातील हसरे विद्यार्थी. आत एक पत्र होते : जागा राखून ठेवण्यासाठी ४ दिवसांत ५० हजार रुपये भरावेत. पुतणी शांतपणे एवढेच म्हणाली, "काका, मला न्यायसहायक विज्ञान शिकायचे आहे. कुठे शिकावे, ते तुम्ही सांगा."

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर आणि आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला मनुष्य. विज्ञानातले मला काय कळणार? तरीही मी तिला 'नको' म्हणू शकलो नाही. त्यामागे एक जुनी आठवण आहे.

१९९१ साली मी एका शाखेत अधिकारी होतो. एका वृद्ध विधवा खातेदार बाईंच्या बचत खात्यातून पैसे काढले गेले आणि बाई म्हणाल्या, "ही सही माझी नव्हे." ती पावती मीच नमुना सहीच्या कार्डाशी ताडून मंजूर केली होती. संशय मात्र काउंटरवरील लिपिकावर गेला आणि तो निलंबित झाला. कागद हस्ताक्षर तज्ज्ञांकडे गेले. तब्बल १४ महिन्यांनी अहवाल आला : पावतीवरील लेखन लिपिकाचे नाही. पुढे ते बाईंच्याच एका नातेवाइकाचे निघाले. लिपिक सन्मानाने कामावर परतला, पण त्याची मान पूर्वीसारखी ताठ झाली नाही. मधल्या काळात त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले होते. त्या तज्ज्ञाचे मी तोंडही पाहिले नाही. परंतु त्याच्या तीन पानी अहवालाने एका घराची अब्रू वाचवली, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून मी भावाला म्हटले, "पैसे भरण्याची घाई करू नकोस. कर्जाचा प्रस्ताव छाननीला घेतो तसे हे प्रकरण मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत जे समजले, ते आपल्या समाजातील इतर पालकांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

विषय नेमका कोणता?

महाराष्ट्र शासन या शास्त्राला 'न्यायसहायक विज्ञान' म्हणते. नाव समर्पक आहे. हे शास्त्र न्याय करीत नाही, न्यायाला साहाय्य करते. विषबाधेचे रासायनिक परीक्षण, रक्त व डीएनए, बंदुकीच्या गोळ्या, बोटांचे ठसे, वादग्रस्त दस्तऐवज, संगणक व मोबाइलमधील पुरावा अशा त्याच्या अनेक शाखा आहेत. पालकांचा एक गैरसमज येथेच दूर व्हावा. शवविच्छेदन हे या पदवीधरांचे काम नाही; ते डॉक्टरांचे काम आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकांत जो एकच मनुष्य ठसे घेतो, पाठलाग करतो आणि आरोपीलाही पकडतो, तसा मनुष्य प्रत्यक्षात नसतो. खऱ्या तज्ज्ञाचा बहुतेक दिवस यंत्रासमोर आणि नोंदवहीसमोर जातो.

हे शास्त्र दोषी शोधते तितकेच निर्दोषालाही सोडवते. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनए ठशांची पद्धत शोधली. त्यानंतर दोनच वर्षांनी खुनाची कबुली दिलेला एक १७ वर्षांचा मुलगा त्याच पद्धतीने निर्दोष ठरला आणि खरा गुन्हेगार पुढे सापडला. आपल्याकडे हैदराबाद येथे डॉ. लालजी सिंग यांनी ही विद्या रुजवली.

मागणी आणि नोकरी : दोन वेगळ्या गोष्टी

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या मताला, तर कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींना स्थान आहे. अर्थात तज्ज्ञांची गरज वाढणार, यात शंका नाही.

परंतु बाजारात मालाला मागणी आहे म्हणून आपलाच माल खपेल असे नव्हे, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे? सरकारी प्रयोगशाळांतील पदे भरतीच्या जाहिरातीतूनच भरली जातात. अनेक जाहिरातींत रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र अशा मूळ विषयांची पदवी मागितलेली असते. काही ठिकाणी न्यायसहायक विज्ञानाचा उल्लेख असतो, काही ठिकाणी नसतो. म्हणून विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचण्यापूर्वी लोकसेवा आयोगाच्या व न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाच्या गेल्या काही वर्षांच्या जाहिराती काढून अर्हतेचा रकाना वाचावा. तेथे जे लिहिले आहे तेच खरे.

छाननीचे सहा प्रश्न

पहिला प्रश्न अधिकाराचा. संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय? खासगी विद्यापीठ असल्यास ते कोणत्या राज्याच्या कायद्याने स्थापन झाले? महाविद्यालय असल्यास कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. ती अवश्य पाहावी.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या न्यायसहायक प्रयोगशाळेत काम केले आहे? किती जण न्यायालयात साक्षीला उभे राहिले आहेत? पोहायला शिकवणारा स्वतः पाण्यात उतरलेला असावा.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. तुलनात्मक सूक्ष्मदर्शक, वायू-वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापक, दस्तऐवज तपासणीचे यंत्र, डीएनए विश्लेषक ही साधने आहेत काय, एवढेच विचारून भागत नाही. विद्यार्थ्याला त्यावर स्वतःच्या हाताने किती तास काम मिळते, ते विचारावे. तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांची प्रयोगवही मागून पाहावी. बँकेत आम्ही ताळेबंद पाहायचो आणि गोदामही पाहायचो, तसेच हे.

चौथा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवाचा. विद्यार्थ्यांना सरकारी प्रयोगशाळेत काही आठवडे काम करायला पाठवतात काय? गेल्या वर्षी किती जण आणि कोठे गेले होते?

पाचवा प्रश्न न्यायालयाचा. घटनास्थळापासून न्यायालयापर्यंत पुरावा कोणाच्या ताब्यात केव्हा होता, याची अखंड नोंद ठेवायला शिकवतात काय? अभिरूप न्यायालयात उलटतपासणीचा सराव घेतात काय? अचूक निष्कर्ष काढूनही तो वकिलासमोर मांडता आला नाही तर उपयोग शून्य.

सहावा प्रश्न पैशाचा. केवळ पहिल्या वर्षाचे शुल्क पाहू नये. वसतिगृह, भोजन, परीक्षा व प्रयोगशाळा यांसह पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च लेखी मागावा. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत देण्याबाबत अनुदान आयोगाने २०१८ साली नियम घालून दिले आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी माघार घेतल्यास पूर्ण शुल्क परत मिळावे, असे त्यात आहे. पुढे ही टक्केवारी उतरत जाते. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, हेही त्यात स्पष्ट आहे. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. त्यावरील व्याजावर कलम ८० ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे, तीही जुन्या करपद्धतीत. घरात पैसा असला तरी मुलाच्या नावावर थोडे कर्ज असावे, असे माझे मत आहे; जबाबदारीची जाणीव राहते.

कोठे शिकता येते?

देशात या विषयाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. पूर्वीच्या गुजरात न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाला २०२० साली संसदेच्या कायद्याने हा राष्ट्रीय दर्जा मिळाला. दिल्ली, गोवा, त्रिपुरा अशा ठिकाणी त्याची संकुले आहेत. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित बी.एस्सी.-एम.एस्सी. अभ्यासक्रम तेथे असून प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा असते. कोणत्या संकुलात कोणता अभ्यासक्रम आहे, हे दरवर्षी पाहावे लागते.

महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने १९५९ सालीच गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू केला. आपल्या देशातील विद्यापीठीय अध्यापनाची ती सुरुवात मानली जाते.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात या विषयाची शाळा १९०९ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस आणि अमेरिकेत फेपॅक नावाचा आयोग अभ्यासक्रमांना मान्यता देतात. ती मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे. मात्र तिकडील पोलीस प्रयोगशाळांत नोकरीसाठी बहुधा नागरिकत्वाची किंवा सुरक्षा पडताळणीची अट असते. ब्रिटनची सरकारी न्यायसहायक सेवाच २०१२ साली बंद झाली. लाखो रुपये खर्चून परदेशी शिकून तेथेच नोकरी मिळेल, हे गृहीत धरू नये.

वाणिज्य शाखेच्या मुलांनाही एक दार उघडे आहे. सी.ए. झाल्यानंतर आपली सनदी लेखापाल संस्था न्यायसहायक लेखापरीक्षण व गैरव्यवहार शोधाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देते. घरात हिशेबाचे वळण असलेल्या मुलांना तो मानवेल.

घरच्या शंका

वहिनींच्या शंका वेगळ्या होत्या आणि त्याही रास्त होत्या. वसतिगृहात कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन मिळेल काय, सूर्यास्तापूर्वी जेवता येईल काय? हे संस्थेच्या कार्यालयाला न विचारता तेथे शिकणाऱ्या मुलींनाच विचारावे. दुसरी शंका प्राण्यांच्या विच्छेदनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ सालीच प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याच्या सूचना दिल्या आहेत. तरीही जीवशास्त्र शाखेत रक्त व इतर नमुने हाताळावे लागतात. ज्याला ते सोसणार नाही त्याने रसायन, दस्तऐवज किंवा संगणकीय पुरावा ही शाखा घ्यावी. हे प्रवेशापूर्वी ठरवावे, प्रवेशानंतर नव्हे.

शेवटी काय ठरले?

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. त्या खासगी विद्यापीठाला मी सहा प्रश्न लिहून पाठवले होते. उत्तर आले ते फक्त एका प्रश्नाचे : पैसे कोणत्या खात्यात भरावेत! भावाने माहितीपत्रक घडी करून बाजूला ठेवले.

माझे मत होते, आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करावे आणि नंतर न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी. करावे. मूळ विषय पक्का होतो, आणि मन बदलले तर औषध, अन्नतपासणी अशी दारे उघडी राहतात. पुतणीने विचारले, "काका, राष्ट्रीय विद्यापीठात पाच वर्षांचा अभ्यासक्रम मिळाला असता, तर तुम्ही हेच सांगितले असते?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "नाही. तेथे जायला सांगितले असते." परंतु त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत आमच्या हातून निघून गेली होती. अकरावीतच चौकशी केली असती तर ही वेळ आली नसती. वाचकांनी आमची ही चूक करू नये. शेवटी तिने सांगलीतच रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. निर्णय तिचा होता.

गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो होतो. पुतणी वडिलांना सांगत होती की, त्यांच्या पेढीवरील हळदीचा नमुना तिने महाविद्यालयात शिक्षकांसमोर तपासला. हळदीच्या अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच रंग गुलाबी झाला. भाऊ दचकला, "म्हणजे भेसळ?" ती म्हणाली, "नाही, अप्पा. शुद्ध हळदीचाही रंग तसा होतो. मग पाणी घालायचे. गुलाबी रंग गेला तर हळद शुद्ध, टिकून राहिला तर त्यात मेटॅनिल यलो. आपला रंग गेला. पहिल्या रंगावर निकाल द्यायचा नसतो."

भाऊ हसला आणि अभिमानाने माझ्याकडे पाहू लागला. मला मात्र १९९१ सालचा तो लिपिक आठवला. आम्ही तेव्हा पहिल्याच रंगावर निकाल दिला होता.