दोन कॅमेरे आणि एक जवारी

मंडळी, कवीला कॅमेऱ्यातलं काही विचारू नये. तो प्रकाशावर तासभर बोलेल आणि किंमत विसरून जाईल. तरी गेल्या पावसाळ्यात माझा मिरजेचा भाचा वहीचं एक पान घेऊन आला. पानावर मधोमध रेघ. एका बाजूला निकॉन डी ७००, दुसऱ्या बाजूला कॅनन ५डी मार्क टू. दोन्ही जुने, वापरलेले. म्हणाला, "मामू, यातला कुठला घेऊ?"

हे दोन्ही कॅमेरे २००८ सालचे. निकॉन जुलैत जाहीर झाला, कॅनन सप्टेंबरात. तेव्हा ते धंदेवाईक छायाचित्रकारांच्या गळ्यात दिसायचे, हौशी माणूस दुकानाच्या काचेतून बघून पुढे जायचा. दोघांचं उत्पादन केव्हाच थांबलं, आणि आता ते जुन्या बाजारात शाळेतल्या लिपिकाच्याही आवाक्यात आले आहेत. भाचा शाळेत लिपिकच आहे.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. त्याने मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. सतारमेकरांच्या गल्लीतलं एक दुकान, आत भोपळ्यांची रास, एक म्हातारे कारागीर मान खाली घालून बसलेले. काळोखाचा भाग मोबाइलने असा गुळगुळीत करून टाकला होता की भोपळा आणि म्हाताऱ्यांचा गाल एकाच मातीचे वाटत होते. मोबाइलमधली प्रकाश टिपणारी चकती नखाएवढी असते. या दोन्ही कॅमेऱ्यांत ती ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या रोलच्या एका फ्रेमएवढी. कोंदट दुकानात हा फरक लपत नाही.

भाच्याला ती गल्लीच टिपायची आहे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा हा धंदा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू थांबत नाही. भाच्याच्या शेजारचे हे चाचा सत्तरी ओलांडलेले. मुलगा पुण्यात नोकरीला. ते बसायचे थांबले की त्या दुकानातलं ते काम संपलं.

आता पानावरचे आकडे. निकॉन १२.१ मेगापिक्सेलचा, कॅनन २१.१ चा. भाच्याचे मित्र दोन तटांत विभागलेले. एक तट म्हणे, जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला. दुसरा तट हुशार. तो म्हणे, जागा तेवढीच असताना निकॉनचे पिक्सेल कमी, म्हणून एकेक मोठा, म्हणून अंधारात तो सरस. हे दुसरं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धंच असल्यामुळे जास्त फसवं.

पावसाळ्यात अंगणात भांडी मांडून ठेवा. एका अंगणात मोठी बारा, तेवढ्याच दुसऱ्या अंगणात लहान एकवीस. एकेका मोठ्या भांड्यात पाणी पावणेदोन पट साठेल, हे बरोबर. पण संध्याकाळी सगळी भांडी हौदात ओतलीत, तर दोन्ही हौद जवळपास सारखेच भरतील, कारण अंगण तेवढंच आणि पाऊसही तोच. फोटोचंही तसंच. दोन्हींतून एकाच आकाराचा कागद छापला तर अंधारातले दाणे साधारण सारखेच दिसतात. संगणकावर चित्र फुगवून एकेक पिक्सेल बघणाऱ्याला मात्र निकॉन स्वच्छ वाटतो. भिंतीवरचा फोटो असा कोण बघतं?

मेगापिक्सेलचा खरा उपयोग कागदाच्या मापात. बारीक छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर निकॉनचा फोटो साधारण १४ बाय साडेनऊ इंचांपर्यंत जातो, कॅननचा साधारण पावणेएकोणीस बाय साडेबारापर्यंत. लांबून बघायचा असेल तर दोन्ही याच्या दुपटीलाही चालतात. भाच्याने आजवर पोस्टकार्डापेक्षा मोठा फोटो छापलेला नाही, हे मी त्याला नम्रपणे सांगितलं.

फोकस पकडण्यात निकॉन पुढे, यात वाद नाही. त्याला ५१ बिंदू आहेत, कॅननला नऊ, आणि त्यातला मधलाच तेवढा भरवशाचा. निकॉन सेकंदाला पाच फोटो काढतो, कॅनन चारला जरा कमी. धावत्या माणसामागे जायचं असतं तर मी तिथेच विषय संपवला असता. चाचा धावत नाहीत.

मग आली लेन्स. माझे मेव्हणे, म्हणजे भाच्याचे अब्बा, लग्नांचे फोटो काढत. ते गेले तेव्हा मागे राहिली ती निकॉनची ५० मिलिमीटरची, हाताने फिरवायची, ऐंशीच्या दशकातली एक लेन्स. निकॉनने लेन्स बसवायची खाच १९५९ पासून डी ७०० पर्यंत मुळात बदलली नव्हती. १९७७ नंतरच्या हाताने फिरवायच्या लेन्स डी ७०० वर थेट बसतात, प्रकाशही मोजून देतात. कॅननने मात्र १९८७ साली आपली खाच बदलली आणि स्वतःच्याच जुन्या लेन्स पोरक्या केल्या. अब्बांची लेन्स अब्बांच्याच कंपनीच्या कॅमेऱ्यावर! मी निकॉनच्या बाजूने कौल देऊन टाकला.

तो टिकला नाही. सांगलीच्या एका फोटोग्राफर मित्राकडे दोन्ही कॅमेरे होते. एका सकाळी ते मागून आणले आणि आम्ही चाचांकडे जाऊन बसलो. चाचा जवारी लावत होते. सतारीच्या घोडीचा माथा कानशीने अगदी किंचित उतरता घासायचा, इतका की तार त्याला हलकीशी चाटून जावी. त्या चाटण्यातून सतारीचा तो झणकारत रेंगाळणारा आवाज निघतो. चाचा दोनदा कानस फिरवत, तार छेडत, कान लावत, पुन्हा कानस. निकॉनने फोटो सुरेख काढले. पण त्याचा खटका त्या दुकानात दार आपटावं तसा वाजत होता. तिसऱ्या फोटोला चाचांनी मान वर केली. काही बोलले नाहीत, नुसते थांबले.

कॅननमध्ये मागच्या पडद्यावर बघून कमी आवाजात फोटो काढायची सोय आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हिडिओ. डी ७०० ला व्हिडिओ नाहीच. कॅनन मात्र सिनेमाच्या पडद्याला शोभेल असं चित्रण करतो. 'हाउस' या अमेरिकन मालिकेचा २०१० मधला एक भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता. जवारीचा फोटो म्हणजे हाडाचा तुकडा घासणारा म्हातारा. ती ऐकू आली तरच जवारी.

"आणि अब्बांची लेन्स?" भाच्याने विचारलं. याचं उत्तर कवीकडे नव्हतं, त्या सांगलीकर मित्राकडे होतं. निकॉनची लेन्स चकतीपासून साडेशेचाळीस मिलिमीटरवर बसते, कॅननची चव्वेचाळीसवर. मधल्या अडीच मिलिमीटरांत पितळेची एक कडी मावते, आणि निकॉनची लेन्स कॅननवर बसते. उलटं जमत नाही. फोकस हाताने करावा लागतो, छिद्रही हाताने लहानमोठं करावं लागतं. पण व्हिडिओ घेताना हा कॅमेरा फोकस स्वतःहून धरून ठेवत नाहीच, तेव्हा तोटा फारसा नाही.

भाच्याने कॅनन घेतला. घेताना खटका किती वेळा पडला आहे ते तपासून घ्यावं, कारण दोघांचाही खटका दीड लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेला आहे. निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, कॅननला संगणक जोडून काढावा लागतो. कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर २०१० नंतरचं आहे ना, तेही बघावं. त्याआधी आवाजाची पातळी हाताने ठरवता येत नसे. आणि अंगचा मायक्रोफोन सतारीसाठी अगदीच सुमार, तो वेगळा घ्यावा.

पहिल्या चित्रणाला मी हजर होतो. हा कॅमेरा पूर्ण दर्जाचं चित्रण एका दमात सुमारे बारा मिनिटंच घेतो, फाइल चार गिगाबाइटची झाली की आपोआप थांबतो. तसा तो थांबला. भाचा पुन्हा बटण दाबायला वाकला तेव्हा चाचा कानस खाली न ठेवताच म्हणाले, "मशीन थकलं का? माझी तार अजून बोलली नाही."