गोधडी आणि गृहिणीचा वेळ

आपल्या घरांत जुन्या लुगड्यास दोन वाटा असत: एक बोहारणीच्या गाठोड्याची, दुसरी गोधडीची. पहिलीने पातेले येई, दुसरीने ऊब. आज नऊवारीची जागा सुती साडीने घेतली, तरी वापरून मऊ झालेल्या कापडासारखे पांघरूण नाही. ते धुऊन, उन्हात वाळवून त्याचे थर रचावयाचे, वर रंगीत तुकडे मांडावयाचे, आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करावयाचे. टाके दूर दूर पडले, तर दोन-चार धुण्यांतच आतला जीर्ण थर गोळा होतो. म्हणून हे काम घाईचे नव्हे.

आणि घाई तर गृहिणीच्या पाठीस नित्य लागलेली! दुपारी जेवणे आटोपून ती हौसेने सुई हाती घेते, तोच चहाची वेळ होते; गुंडाळलेली गोधडी मग चार दिवस उघडत नाही. बंगालमधील कांथांचा संग्रह करून गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी अशाच घरगुती शिवणास कलेचा मान दिला. घरच्या माणसांस तर याहून सोपे काही करता येईल. दुपारचा एक तास आणि माजघराचा एक कोपरा तिचा म्हणून मोकळा सोडावा. तेवढ्यापुरता चहा ज्याचा त्याने करून घ्यावा. नातवंडासाठी दुपटे मागणाऱ्या घराने, ते शिवण्यास लागणारा वेळही तिला द्यावा, असे आम्हांस वाटते.