कोल्हापुरात वॉकिंग टूर सुरू करायचीय? आधी पाय, पोट आणि पैसा यांचा हिशोब मांडा



कमी भांडवलाच्या व्यवसायांवरच्या व्हिडिओत वॉकिंग टूरचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. पण त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून आज सविस्तर लिहिते. उदाहरण कोल्हापूरचं घेते, कारण माझं दुकान इथे आहे आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक मी रोज बघते. तुम्ही नाशिकचे असा, सोलापूरचे असा, पद्धत तीच लागू होईल. ठिकाणं फक्त तुमची घाला.

आधी गिऱ्हाईक समजून घेऊ. कोल्हापूरला येणारा माणूस बहुतेक वेळा अंबाबाईच्या दर्शनाला येतो. सकाळी दर्शन, मग मिसळ किंवा दुपारी तांबडा-पांढरा, जमलं तर चप्पल खरेदी, आणि गाडी जोतिबा, पन्हाळा नाहीतर गोव्याच्या रस्त्याला. शहरात तो जेमतेम अर्धा दिवस असतो. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या, जिथे कुस्तीसाठी वेगळं मैदान बांधलं, ते शहर त्याला दिसतच नाही. त्याला बघायचं नसतं असं नाही हो, दाखवणारं कुणी भेटत नाही. आपला धंदा इथे आहे. पाहुणा संध्याकाळपर्यंत थांबला तर तुमचे पैसे होतात, शिवाय लॉजवाल्याचे आणि खानावळवाल्याचेही होतात.

बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "ताई, सगळी माहिती मोबाईलवर फुकट आहे, मग पैसे कोण देणार?" बरोबर प्रश्न आहे. माहितीचे पैसे कुणीच देत नाही. पैसे मिळतात ते तीन गोष्टींचे. पन्नास ठिकाणांतली पाचच निवडून दिल्याचे, कुठे बसायचं, काय खायचं, किती वेळ थांबायचं ही डोकेदुखी काढून घेतल्याचे, आणि एकट्या माणसाला उघडत नाही ते दार उघडून दिल्याचे. तिसरी गोष्ट सगळ्यात महागडी. तालमीत अनोळखी माणूस थेट आत शिरू शकत नाही. तुमची ओळख असेल तर शिरू शकतो.

रस्ता असा आखा

नवीन माणूस काय करतो, तर नकाशा घेऊन सगळी प्रसिद्ध ठिकाणं जोडत सुटतो. रंकाळा, न्यू पॅलेस, मंदिर, खासबाग, टाऊन हॉल म्युझियम, सगळं एकाच दिवशी. न्यू पॅलेस जुन्या शहरापासून लांब आहे, तिथे चालत नेलंत तर पाहुणे पुन्हा तुमच्याकडे येणार नाहीत. चालण्याच्या टूरमध्ये एकूण अंतर दोन किलोमीटरच्या आत ठेवा. ऐकायला कमी वाटतं. पण थांबत, बघत, खात चाललं की त्याचे आरामात तीन तास होतात, आणि गटात एखादी आजी असतेच.

मी सुचवते तो मार्ग संध्याकाळचा आहे. साडेचार वाजता खासबाग मैदानापासून सुरुवात. तिथून भवानी मंडप आणि जुना राजवाडा, मग चप्पल लाईन, पुढे महाद्वार, आणि शेवट गंगावेशीत.

संध्याकाळच का? कारण सकाळी लवकर चप्पलची दुकानं उघडलेली नसतात आणि दुपारी पाय भाजतात. साडेचारला दुकानं चालू असतात, पैलवानांचा संध्याकाळचा सराव असतो, आणि गंगावेशीत पोचेपर्यंत कट्ट्यावर म्हशी आलेल्या असतात. पाहुण्यांना सकाळी दर्शनाला वेळ मिळतो तो वेगळाच. "मग मिसळ?" मिसळ या टूरमध्ये नाही. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे, तिची वेगळी टूर काढा. एकाच टूरमध्ये सगळं कोंबलं की कशालाच चव राहत नाही.

आता एकेका थांब्याचं.

खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली ते पूर्ण झालं. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिथे रोमचं कलोझियम बघून ही कल्पना सुचली असं सांगतात. इथे पाहुण्यांना नुसतं उभं करून भाषण देऊ नका. वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवा आणि विचारा, मधला आखाडा कुणाला दिसत नाहीये? सगळ्यांना दिसतो. मैदानाची रचनाच वाटीसारखी आहे. दोन मिनिटांत त्यांना कळतं ते तुमच्या दहा मिनिटांच्या भाषणाने कळणार नाही. खासबागेजवळ भेळ आहेच, पहिली चव तिथे द्या. उपाशी माणूस इतिहास ऐकत नाही.

भवानी मंडपात आरक्षणाची आणि शाहू महाराजांची गोष्ट सांगा, पण सात-आठ मिनिटांत आवरा. इथे एक शिस्त पाळा. "नोंद आहे" आणि "लोक सांगतात" हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवा. गटात एखादे इतिहासाचे प्राध्यापक निघाले तर तुम्ही वाचाल, आणि नाही निघाले तरी खोटं सांगून पैसे घेतल्यासारखं होणार नाही.

महाद्वारात आलात की मंदिराच्या आत गट नेऊ नका. रांगेचा भरवसा नाही, चपला काढा-घालाचा वेळ वेगळा, आणि देवळात आपण कॉमेंट्री करत उभं राहणं बरं दिसत नाही. दर्शन सकाळीच करून या असं बुकिंगच्या वेळीच सांगा. महाद्वार हा पश्चिमेचा दरवाजा. तिथे उभं राहून किरणोत्सवाची गोष्ट सांगता येते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग आडवे आले तर त्या दिवशी होत नाही. पाहुण्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं करा, किरणांची वाट हाताने दाखवा. हे मोबाईलवर वाचण्यात ती मजा नाही. (प्रत्यक्ष किरणोत्सवाच्या दिवशी आणि नवरात्रात मात्र या भागात टूर घेऊ नका. गर्दीत गट सांभाळता येत नाही, उगीच माणूस हरवेल.)

गंगावेशीत तालीम आहे. वस्तादांना आदल्या दिवशी भेटा. किती माणसं येणार, आत कुणी यायचं, फोटो चालतील का, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. हौद्यातल्या लाल मातीला पैलवान मान देतात, तिथे चपला घालून कुणी गेलं तर ती तुमची शेवटची भेट समजा. आणि शेवटी दूध कट्टा. समोर म्हैस पिळून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे बघूनच पैसे वसूल वाटतात. पण ते दूध न तापवलेलं असतं हे स्पष्ट सांगा. लहान मुलं, गरोदर बाई, पोट नाजूक असलेला माणूस, यांच्यासाठी जवळपास तापवलेलं मसाला दूध ठरवून ठेवा. पाहुणा रात्री लॉजवर आजारी पडला तर दोष तुमच्या नावावर जातो, म्हशीच्या नाही.

राहिला मुद्दा कुणीच न बोलण्याचा, स्वच्छतागृहाचा. तीन तासांची टूर, निम्म्या बायका, आणि जुन्या शहरातल्या गल्ल्या. मार्गावर दोन ठिकाणी तरी चांगलं स्वच्छतागृह वापरू देणारं हॉटेल किंवा दुकान ठरवा, त्याला महिन्याचे काही पैसे द्या. टूरच्या सुरुवातीलाच सांगा की कुठे-कुठे सोय आहे. बायकांचे गट परत याच कारणाने येतात, लिहून ठेवा.

पैशाचं गणित

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या शहरातले भाव घालून पुन्हा करा. पण करा. वहीत लिहून करा.

समजा माणशी ९०० रुपये, गटात ६ जण. जमा ५,४०० रुपये. खाण्यापिण्याला माणशी २२० रुपये धरू आणि तुमचं स्वतःचं धरून ७ माणसांचे १,५४०. (स्वतःचं खाणं सगळे विसरतात.) पाणी, पेपर नॅपकिन वगैरे १५०. सहापैकी चार जण एखाद्या बुकिंग पोर्टलवरून आले आणि पोर्टलने २५ टक्के कापले, तर ९०० गेले. मागे चालणारा मदतनीस ४००. जाहिरात, फोन, छपाईचा या टूरवरचा वाटा २५०. एकूण खर्च ३,२४०. हातात राहिले २,१६०.

आता तास मोजा. तीन तास चालणं, एक तास आधीची तयारी आणि फोन, एक तास नंतरचा हिशोब आणि मेसेज. म्हणजे पाच तासांचे २,१६०, ताशी ४३२ रुपये. वाईट नाही. पण दोनच माणसं आली तर? जमा १,८००. खाणं तिघांचं ६६०, पाणी ५०, एक जण पोर्टलचा म्हणून २२५, जाहिरात वगैरे २५०. मदतनीस नको. खर्च १,१८५, उरले ६१५. त्याच पाच तासांचे. ताशी १२३ रुपये. म्हणून दोघांच्या टूरचा दर वेगळा ठेवायचा. "खासगी टूर, किमान २,५०० रुपये" असं दरपत्रकावर छापूनच टाका. घासाघीस आपोआप कमी होते.

युरोपातल्या शहरांत "फ्री टूर" चालते, शेवटी लोक खुशीने टिप देतात. आपल्याकडे ते करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट म्हटलं की निम्मे लोक येतच नाहीत, आणि तुम्ही भेळवाल्याला सहा प्लेट सांगून ठेवलेल्या असतात. थोडी रक्कम आगाऊ घ्या.

कमिशनचं काय करायचं?

हा सगळ्यात नाजूक विषय, म्हणून जरा थांबून वाचा. तुम्ही गट घेऊन चप्पल लाईनमध्ये गेलात की आठवड्याभरात कुणीतरी विचारेल, "मॅडम, किती टक्के?" समजा जोडीचा भाव १,२०० आहे आणि तुम्हाला २० टक्के हवेत. दुकानदार ते खिशातून देणार नाही. मी काउंटरच्या या बाजूला बसते म्हणून सांगते, जोडी १,५०० ला विकली जाते आणि ३०० तुमचे. कारागिराच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही. पाहुणा संध्याकाळी पुढच्या दुकानात तीच जोडी १,२०० ला बघतो, आणि तुमचं तीन तासांचं काम तिथे पाण्यात जातं. रिव्ह्यूमध्ये तो खासबागेबद्दल काही लिहीत नाही, "गाईड दुकानात घेऊन जातो" एवढंच लिहितो.

त्यापेक्षा दुकानदाराकडे पैसे सोडून बाकी सगळं मागा. पाहुण्यांना बसायला स्टूल, प्यायला पाणी, आणि दहा मिनिटं चप्पल कशी होते ते दाखवणं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिलाई, कापशी कशी ओळखायची, अस्सल जोडी पाण्यात का भिजवू नये. सुभाषनगरचा एखादा कारागीर महिन्यातून दोनदा येऊन बसला तर त्याचे पैसे तुम्ही द्या, टूरच्या खर्चात धरून. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तशीच चप्पल दिसली आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. पाहुण्यांना ही बातमी माहीत असते. ती चप्पल ज्या हातांनी होते ते हात दाखवलेत तर खरेदी आपोआप होते, तुम्ही "घ्या हो" म्हणायची गरज नाही. दुकानदारालाही हे परवडतं, कारण टक्के न देता गिऱ्हाईक मिळतं. आणि पाहुण्यांना सुरुवातीलाच सांगून टाका, आम्ही कुठल्याच दुकानाकडून कमिशन घेत नाही. हे वाक्य ज्यांना खरंच म्हणता येतं असे फार थोडे आहेत, त्याची किंमत तुमच्या ९०० रुपयांत धरलेली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. आपल्याकडे सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी पोर्टलवर जाण्याआधी सीएला एकदा विचारा. पन्हाळ्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी गाईड म्हणून काम करायचं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते तिथल्या कार्यालयात जाऊन बघा. आणि जुलै-ऑगस्टवर भरवसा ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर इथे कुणी विसरलेलं नाही. हिशोब दहा महिन्यांचा करा.

सुरुवात कशी करायची? पहिल्या पाच टूर ओळखीच्यांच्या घ्या, पण कोल्हापूरच्या लोकांना बोलवू नका. ते तुम्हाला दर वाक्याला दुरुस्त करतील आणि भेळेवरून भांडतील. पुण्याची मावशी, बंगळूरला असलेला मित्र, असे बाहेरचे निवडा आणि त्यांच्याकडून फक्त खाण्याचे पैसे घ्या. टूर संपल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. विचारा की कंटाळा कुठे आला, पाय कुठे दुखले, आणि बायकोला किंवा आईला पाठवायचं तर किती रुपये द्याल. तो आकडा पाचही जणांकडून वहीत लिहून घ्या आणि दर ठरवताना समोर ठेवा.