डब्यात ओतलेला पिस्टन

ताशी २९६ किलोमीटर हा वेग जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. आपली एस.टी. गाव मागे टाकून मोकळ्या रस्त्याला लागली, की वाटतं, काय सुसाट निघाली! पण तिच्या चौपटीहून जास्त वेगाने एकदा एक मोटरसायकल धावली होती. ती चांगली सत्तेचाळीस वर्षांची जुनी होती. तिच्यावर स्वार झालेले गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे आजोबा होते. आणि खरी गंमत पुढेच आहे. तिच्या इंजिनातले कितीतरी महत्त्वाचे भाग कुठल्याही कारखान्यात बनलेले नव्हते. ते या आजोबांनीच आपल्या छोट्याशा शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी बनवले होते!

या आजोबांचं नाव बर्ट मन्रो. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथे १८९९ साली त्यांचा जन्म झाला. घरची शेती होती, पण बर्ट यांचं मन रमायचं ते यंत्रांत.

नाव ‘इंडियन’, गाव अमेरिका

१९२० साली, एकवीस वर्षांचे असताना त्यांनी एक नवीकोरी मोटरसायकल घेतली. तिचं नाव ‘इंडियन स्काऊट’. नाव वाचून फसू नका हं! तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. ‘इंडियन’ ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावची कंपनी. बर्ट यांच्या गाडीचं इंजिन ६०० सीसीचं होतं आणि तिचा जास्तीत जास्त वेग होता ताशी सुमारे ८९ किलोमीटर.

त्या काळात हा वेग काही कमी नव्हता. पण बर्ट यांना तो पुरेना. मग नवी, जास्त वेगवान गाडी घ्यावी की नाही? पण त्यांच्याकडे पैसा बेताचाच. दिवसा ते मोटरसायकली विकण्याची नोकरी करत आणि रात्री शेडमध्ये आपलं इंजिन खोलून बसत. शर्यतीच्या गाडीला लागणारे खास भाग दुकानात मिळत नव्हते. पुढे १९५३ साली तर मूळ ‘इंडियन’ कंपनीचं उत्पादनच बंद पडलं. मग उरला एकच मार्ग : जे हवं ते आपणच बनवायचं.

टाकाऊतून इंजिन

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या वाफेचा भडका उडतो आणि त्या दाबाने जो दट्ट्या खाली ढकलला जातो, तो पिस्टन. बर्ट हे पिस्टन घरीच ओतत. जुना धातू वितळवायचा आणि पत्र्याच्या जुन्या डब्यांचा उपयोग करून त्याला आकार द्यायचा. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतं. साच्यात ओतलं की ते निवताना आकसतं. म्हणून ओतीव तुकडा मुद्दाम थोडा मोठा ठेवावा लागतो. मग तो लेथवर चढवून, कातून नेमक्या मापाला आणायचा. आपल्याकडे कोल्हापूर परिसरात ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत. तिथेही तत्त्व हेच : आधी साचा, मग ओतकाम आणि शेवटी लेथ.

पिस्टनचा जोर क्रँकपर्यंत पोचवणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. तो बर्ट यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून कोरून काढला. सिलिंडरसाठी गॅसच्या जुन्या बिडाच्या पाइपचे तुकडे घेतले. एवढंच काय, व्हॉल्व्हची मूळ रचनाही त्यांनी बदलून टाकली. माप घ्यायला मायक्रोमीटर हवा ना? त्या जागी त्यांच्याकडे होती चाकाची एक जुनी तार!

तुम्ही म्हणाल, तारेने कसलं माप घेणार? पण विचार करा. तारेवर आकडे नसले, तरी ती एका वस्तूला अचूक बसेल इतकी घासली, की तीच तार दुसऱ्या वस्तूला लावून फरक कळतो. शिंपीकाका सुतळीने माप घेत तसंच हे. मात्र त्यासाठी बोटांत भलतीच नजाकत हवी.

केसांएवढी फट

ही नजाकत कशाला, ते एका हिशेबाने कळेल. समजा, पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि इंजिन चालू झाल्यावर तो २०० अंशांनी तापला. अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने तो साधारण ०.३२ मिलिमीटरने फुगेल. त्याच्याभोवतीचा बिडाचा सिलिंडरही तापतो, पण बीड फुगतं जवळजवळ निम्मंच, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. मधला फरक उरला ०.१७ मिलिमीटर. आपला केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे हा सगळा खेळ दोन-अडीच केसांच्या जाडीचा!

थंड असताना फट याहून कमी ठेवली, तर पिस्टन फुगून सिलिंडरला घट्ट धरतो. मेकॅनिक म्हणतात, ‘इंजिन सीज झालं.’ फट फार जास्त ठेवली, तर गरम वायू बाजूने निसटतात आणि जोर वाया जातो. घरच्या घरात बसून हे गणित चुकलं तर नुसतं इंजिन बिघडेल. पण ताशी अडीचशे किलोमीटरला ते चुकलं तर? इंजिन धरतं, मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि गाडी घसरत जाते. स्वतः ओतलेल्या पिस्टनवर बर्ट आपला जीव टांगत होते, तो असा.

तुटक्या भागांचं फडताळ

आणि त्यांचे भाग तुटत नव्हते असं मुळीच नाही. खूप तुटले! पिस्टन वितळले, दांडे मोडले, इंजिनाचे तुकडे झाले. दुसरा कुणी असता तर त्याने ते भंगारात घातले असते. बर्ट यांनी मात्र ते शेडमधल्या फडताळावर ओळीने मांडून ठेवले आणि त्यावर लिहिलं, ‘वेगाच्या देवाला अर्पण’. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, तसा हा त्यांचा नैवेद्य!

यात विनोद होताच, पण तुटलेला भाग म्हणजे मोठा गुरू असतो. तो कुठे तुटला, तडा कुठून सुरू झाला, कुठली बाजू जास्त घासली, हे तो स्वतःच सांगतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर फेरे झाले. दर फेऱ्यात पिस्टन वर एकदा आणि खाली एकदा थांबून उलटा फिरतो. म्हणजे सेकंदाला दोनशे हिसके! तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी मोडते ना? धातूही असाच थकतो. तडा बहुधा टोकदार कोपऱ्यापासून किंवा एखाद्या ओरखड्यापासून सुरू होतो. म्हणून चांगला कारागीर कोपरे गोलसर करतो आणि भाग घासून चकचकीत करतो. ती चकाकी केवळ शोभेची नसते.

मिठाच्या मैदानावर

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. सपाट आणि अफाट! वेगाचे विक्रम तिथे नोंदवले जातात. १९६२ साली बर्ट आपली गाडी घेऊन तिथे पोचले आणि त्यांनी ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. नंतरही ते पुन्हा पुन्हा गेले. १९६७ साली त्यांचं इंजिन वाढत वाढत ९५० सीसीचं झालं होतं.

तिथला नियम असा, की एकदा जायचं, मग त्याच वाटेने उलट यायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. का? तर वाऱ्याचा फायदा एकाच बाजूने मिळू नये म्हणून. १९६७ साली १,००० सीसीपर्यंतच्या गटात बर्ट यांचा विक्रम नोंदला गेला ताशी १८३.५९ मैल. पुढे १९७८ साली बर्ट वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाला शंका आली, की सरासरीचा हिशेबच चुकला आहे! तपासणी झाली आणि २०१४ साली सुधारलेला आकडा मान्य झाला : १८४.०८७ मैल, म्हणजेच आपले २९६ किलोमीटर. बघा, गणित विक्रमवीरांनाही सोडत नाही! २००५ साली त्यांच्या आयुष्यावर एक चित्रपटही निघाला.

आता तुमची पाळी

हे वाचून हात शिवशिवायला लागले असतील. पण थांबा! वितळलेला धातू हा घरी करून बघण्याचा प्रकार नव्हे. साच्यात पाण्याचा थेंब जरी राहिला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू अंगावर उडतो. रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसे बदल करायलाही आपला मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही. बर्ट यांचे विक्रम मोकळ्या मैदानावर झाले, रहदारीत नव्हेत.

मग काय करायचं? आपली सायकल आहे ना! चेन, ब्रेक, बेअरिंग खोलून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवायला शिका. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांना विचारून एखादा झिजलेला भाग मागून आणा आणि नव्याशी ताडून पाहा. पट्टीने नाही, व्हर्निअर कॅलिपरने मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच.

आणि एक प्रयोग आजच करा. जाड कागदाच्या सारख्याच दोन पट्ट्या कापा, तीन सेंटिमीटर रुंदीच्या. पहिलीला मधोमध, काठापासून आत एक सेंटिमीटर कात्रीने सरळ चीर द्या. दुसरीला तेवढीच चीर द्या, पण तिच्या आतल्या टोकाला पंचिंग मशीनने गोल भोक पाडा. आता दोन्ही पट्ट्या टोकांना धरून ओढा. पहिली लगेच फाटेल. दुसरीला जास्त जोर लागेल, कारण ताण टोकावर न साचता गोलाईवर पसरतो. पत्र्याला तडा गेला, की त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून मिस्त्री तो थांबवतात, ते याचसाठी. करून पाहा, आणि फाटलेल्या पट्ट्या टाकू नका. वहीत चिकटवून बाजूला तारीख घाला.