पोटावरची आडवी रेघ

बाळंतपणाची बातमी कळवणारा फोन आला की पहिला प्रश्न असतो ‘काय झालं?’ आणि दुसरा ‘नॉर्मल की सिझर?’. ‘सिझर’ म्हटलं की पलीकडून एकतर ‘अगं बाई’ ऐकू येतं, नाहीतर ‘बरं झालं, कळा तरी वाचल्या’. कळा वाचल्या हे नेहमी खरं नसतं. बारा-चौदा तास कळा सोसून, बाळाचे ठोके मंदावले म्हणून धावत थिएटरमध्ये नेलेल्या कितीतरी जणी दोन्ही अनुभव घेऊन घरी परततात.

थिएटरमध्ये आई बहुतेक वेळा पूर्ण शुद्धीत असते. टेबलावर बसवून, पाठीची कमान करायला लावून, कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने भूल देतात. आधी पाय कोमट होतात, मग जड, आणि थोड्या वेळात आपले पाय आपलेच आहेत की नाहीत अशी शंका येऊ लागते. छातीपाशी हिरवा पडदा असतो. पलीकडचं दुखत नाही, पण ओढल्याचं, ढवळल्याचं जाणवत राहतं. बाळ काढताना सहायक डॉक्टर पोटाचा वरचा भाग जोरात दाबतात, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. हुडहुडी भरून दातही वाजतात. हे सगळं नेहमीचंच. फक्त आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती घाबरते.

ओटीपोटावर आडवा छेद घेतात. त्वचा, चरबी, मग स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध वेगळे करून बाजूला सारतात. त्याखाली पोटाचं पातळ अस्तर, मग मूत्राशय खाली सरकवून गर्भाशयाचा खालचा, ताणून पातळ झालेला भाग. पहिल्या छेदापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात. उरलेला अर्धा-पाऊण तास एकेक थर शिवण्यात जातो. बाहेर पेढे वाटले जात असतात आणि आत अजून अर्धं काम बाकी असतं.

या शिवण्याला मोठा इतिहास आहे. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून ‘सिझर’ हे नाव पडलं, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण टिकणारी नाही. त्याची आई ऑरेलिया तो चाळिशी ओलांडेपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट चिरत ते मेलेल्या किंवा मरणाऱ्या बाईचं. एकोणिसाव्या शतकातही युरोपातले डॉक्टर गर्भाशय न शिवताच पोट बंद करत. आकसून ते आपोआप मिटेल अशी समजूत होती. बाई रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावे. 1876 साली इटलीतल्या पाविया इथे एदुआर्दो पोरो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयही काढून टाकलं आणि बाई जगली. लाइपझिगच्या माक्स सेंगर यांनी 1882 साली गर्भाशय चांदीच्या तारेने आणि रेशमाने नीट शिवायची पद्धत मांडली, तेव्हा आई आणि तिची पिशवी दोन्ही वाचू लागली.

त्याआधीच, 1879 साली, आजच्या युगांडात रॉबर्ट फेल्किन या इंग्रजाने एक शस्त्रक्रिया पाहिली होती. तिथल्या वैदूने केळ्याच्या दारूने स्वतःचे हात आणि बाईचं पोट धुतलं, तीच दारू तिला भूल म्हणून पाजली, तापल्या लोखंडाने रक्त थांबवलं आणि पोटाची जखम लोखंडी खिळ्यांनी जुळवून दोऱ्याने बांधली. आई आणि बाळ दोघंही वाचली. हात धुण्यावरून युरोपात तेव्हा वाद चालू होते, हे इथे आठवावं.

सिझर का करतात? वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळ आडवं असेल, ठोके बिघडले असतील, कळा येऊनही वाट उघडत नसेल, तर पर्याय उरत नाही. पायाळू बाळाचंही आता बहुतेक ठिकाणी सिझरच होतं. कमरेची उसण उतरवायला पायाळू माणसाची लाथ शोधणाऱ्या गावांना पुढे ती मिळायला हरकत नाही. सिझर झालं तरी पोटात असताना बाळ पायाळूच होतं ना! गळ्याभोवती नाळ हे मात्र एकट्याने पुरेसं कारण नाही. तसा वेढा कितीतरी बाळांना असतो आणि ती सुखरूप नॉर्मल होतात.

आणि मग मुहूर्त. अक्षय्यतृतीया, गणेश चतुर्थी, कधी ज्योतिषाने काढून दिलेली 10 वाजून 42 मिनिटं. सिझर ठरलेलंच असेल तर 39 आठवडे भरल्यावर दिवस निवडायला हरकत नाही. पण मुहूर्तासाठी दोन-तीन आठवडे आधी काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांना पंचांग कळत नाही. धाप लागलेलं बाळ काचेच्या पेटीत आणि आई वरच्या मजल्यावर, असा तो शुभदिवस जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये देशात 8.5 टक्के बाळंतपणं सिझरने झाली, 2019-21 मध्ये 21.5 टक्के. महाराष्ट्रात 25.4, गोव्यात 39.5, तेलंगणात 60.7. सगळ्यात बोलका फरक दवाखान्यांचा आहे: देशभरात सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के, खासगीत 47.4. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत वाढताना माता-बालमृत्यू घटतात. त्यापुढच्या वाढीने आणखी घट झाल्याचं दिसत नाही. नुसत्या पैशावर खापर फोडून हे कोडं सुटत नाही. एकट्या डॉक्टरचा दवाखाना, रात्री भूलतज्ज्ञ मिळण्याची मारामार, ‘काही झालं तर’ची धास्ती आणि कळांना घाबरलेलं कुटुंब, सगळेच त्यात आहेत.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी. लघवीची नळी काढली की नर्स म्हणते, ‘चला, उठा.’ सरळ उठायला गेलं तर टाक्यांवर ताण येऊन डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या रेट्याने उठायचं. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. पहिली चार पावलं वाकूनच पडतात, पण ती लवकर टाकावीच लागतात. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. मोठं ऑपरेशन झालेला दुसरा कुठलाही पेशंट त्या रात्री झोपतो. ही दर दोन-तीन तासांनी उठून बाळाला पाजते.

त्यात घरचे सल्ले. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा त्यातला सगळ्यात वाईट. पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं. अळिवाचे, डिंकाचे लाडू खुशाल खावेत, भात-केळंही चालतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको. पाठीतल्या इंजेक्शनने जन्माची कंबरदुखी लागते हाही गैरसमज. बाळ घेऊन तासन्‌तास वाकून बसणं त्याला जास्त जबाबदार असतं. टाक्यांभोवतीचा भाग काही महिने बधिर राहतो, क्वचित कायमचाही. ताप, जखमेतून पू, घाण वास, एका पोटरीला सूज, अंगावरून फार जाणं यांपैकी काहीही झालं तर सव्वा महिना संपायची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं आणि सात दिवसांपर्यंतचं जेवणही मोफत आहे.

‘एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी 1916 साली लिहिलं, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. ग्लासगोच्या मन्‍रो कर यांनी 1920च्या दशकात खालच्या आडव्या छेदाचा आग्रह धरला आणि चित्र पालटलं. आडवा व्रण पुढच्या कळांत उकलण्याचा धोका साधारण दोनशेत एक. योग्य निवड झालेल्या दहापैकी सहा ते आठ जणी दुसऱ्या वेळी नॉर्मल होतात, अर्थात ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच.

पण पोटावरची रेघ आडवी म्हणजे आतलीही आडवीच, असं नसतं. आतला छेद कसा घेतला, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. बारशाच्या गडबडीत ते कार्ड पिशवीसकट माळ्यावर जातं, आणि तीन वर्षांनी नवे डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतात.