बीएस्सी ॲग्री : चार वर्षे आणि पुढचे रान

जून-जुलैत कोणत्याही मराठी दैनिकाचे तालुक्याचे पान उघडा, एक बातमी हमखास सापडते : ‘कृषीकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’. सोबत फोटो. घमेल्यात सोयाबीनचे बी, भोवती पाच-सात विद्यार्थिनी, मागे सरपंच आणि थोडे संकोचलेले शेतकरी. बहुतेक वाचक पान उलटतात. मला ही बातमी पहिल्या पानावरच्या अनेक बातम्यांपेक्षा मोलाची वाटते. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने गावात पाठवतात आणि एकेका शेतकऱ्याच्या शेताशी जोडून देतात. अभ्यासक्रमातले नाव लांबलचक आहे, ‘ग्रामीण कृषी जागरूकता आणि कार्यानुभव’. मुले त्याला नुसते ‘रावे’ म्हणतात. तीन वर्षे पुस्तकातून शिकलेले इथे पहिल्यांदा अशा माणसासमोर मांडावे लागते, ज्याचे घर त्या पिकावर चालते.

बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक घ्या. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचे मिश्रण. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचे, चुना दुसऱ्यात निवळायचा, मग दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकदमच ओतत लाकडी काठीने ढवळायची. आकाशी रंग धरला की लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवून पाहायचे. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे. चुना वाढवा, नाहीतर फवारणीने पानेच करपतील. परीक्षेत हे पाच गुणांचे उत्तर असते. गावात मात्र म्हातारा शेतकरी विचारतो, “पोरी, दुकानातला चुना जुना असला तर?” हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने जुना चुना निकामी होत जातो, हे रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेले असते. ते त्या क्षणी आठवले आणि साध्या शब्दांत सांगता आले, तर ती मुलगी कृषी पदवीधर झाली असे मी म्हणेन. पदवीदान समारंभ पुढे केव्हाही होवो.

महाराष्ट्रात हे शिक्षण फार जुने आहे. १८७९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचे वर्ग सुरू झाले. चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि बांधबंदिस्ती, पाणी, जनावरांची निपज, शेतकी प्रदर्शने, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांविषयी सरकारला खडसावून मागण्या केल्या. १९०७ साली पुण्यात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. शिवाजीनगरला आजही ते आहे. भोवती शहर कितीही दाटले तरी आत पिके उभी दिसतात.

त्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. माणूस रसायनशास्त्रज्ञ, आधी आसामच्या चहामळ्यांसाठी संशोधन केलेला. पुण्यात आल्यावर प्रयोगशाळेत रमून जाणे त्यांना सोपे होते. त्यांनी महाविद्यालयातले सहकारी बरोबर घेतले आणि पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घराघरांतून, वाफ्यावाफ्यांतून पालथे घातले. माती, विहिरी, पिके, कर्जे, मजुरी, सगळ्याची नोंद केली. १९१७ साली ती प्रसिद्ध झाली. १७७१ च्या सुमारास त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. तुकडेकरणावर भारतात आजवर जे काही लिहिले गेले, त्यात हे आकडे पुन्हा पुन्हा येतात. पुढे ना. वि. कानिटकरांसह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास केला. तो १९२१ साली आला. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारतींच्या रांगा आहेत. पण ‘रावे’ला गेलेला विद्यार्थी वहीत गावाचे क्षेत्र, विहिरींची संख्या, पीकपद्धती आणि कुटुंबाचा जमाखर्च भरतो, तेव्हा तो मॅन-कानिटकरांचेच काम करत असतो. हे त्याला कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर कृषी विद्यापीठांची कल्पना अमेरिकेच्या लँड ग्रँट महाविद्यालयांवरून आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली, हे तिचे मर्म. देशातले पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगरला झाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीला राज्यासाठी एकच विद्यापीठ निघाले. विदर्भाला ते मान्य नव्हते. त्याआधीच, १९६७ मध्ये, कृषी विद्यापीठासाठी अकोल्यात आंदोलन पेटले होते आणि गोळीबारात माणसे दगावली होती. शिक्षणसंस्थेसाठी जीव देणारे लोक या राज्यात होऊन गेले, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ मिळाले. देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आज त्याला आहे. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली झाली. प्रत्येकाचे हवामान वेगळे, म्हणून कामही वेगळे. परभणीकडे कोरडवाहू ज्वारी, तूर, सोयाबीन. दापोलीकडे भात, आंबा, काजू. अकोल्याकडे कापूस आणि संत्रा. राहुरीकडे ऊस, डाळिंब, कांदा, हरभरा.

यातले एकच फळ हाती घेऊन विद्यापीठ नेमके काय करते ते पाहू. पुण्याच्या गणेशखिंड फळ प्रयोग केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली आळंदीच्या डाळिंबांतून एक झाड निवडले. बी मऊ, फळ मोठे, चव गोड. त्याला पुढे ‘गणेश’ हे नाव मिळाले आणि महाराष्ट्रातली डाळिंबशेती त्याच्यावर उभी राहिली. खोट एकच होती. दाणे फिके गुलाबी. परदेशातल्या ग्राहकाला लाल दाणा हवा होता. गुल-ए-शाह रेड या रशियन जातीचा दाणा गडद लाल, पण बी टणक. राहुरीच्या शास्त्रज्ञांनी दोघांचा संकर केला. संकर करणे म्हणजे उमलण्याआधी कळी उघडून चिमट्याने सगळे पुंकेसर काढायचे, पिशवी बांधायची, योग्य वेळी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, पुन्हा पिशवी, मग फांदीवर लेबल. फळातले बी लावायचे आणि झाड फळावर येईपर्यंत दोन-तीन वर्षे थांबायचे. खरी निवड त्याच्याही पुढच्या पिढीत, शेकडो झाडांतून. बहुतेक झाडे उपटून टाकायची असतात. या खटपटीतून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि शेवटी ‘भगवा’ निघाला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘भगवा’ शेतकऱ्यांकडे गेला आणि सांगोला, पंढरपूर, सटाणा, मालेगावच्या माळांचे रूप पालटले. आखातात आणि युरोपात जाणारे भारतीय डाळिंब आज प्रामुख्याने हेच.

गोष्ट इथे संपत नाही. मागोमाग तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा काढाव्या लागल्या. त्यानंतर मर रोग. जात काढणाऱ्या पैदासशास्त्रज्ञाचे काम झाले तिथे रोगशास्त्रज्ञाचे सुरू झाले. बहार कोणता धरायचा, पावसाळ्यातला मृग टाळून हस्त किंवा आंबे बहाराकडे वळायचे का, रोपे कुठून आणायची, छाटणीची कात्री कशाने निर्जंतुक करायची. हे सगळे प्रश्न आजही रोज विचारले जातात, आणि या पदवीला रोजगार मिळतो तो अशाच प्रश्नांमुळे.

आता रोजगाराकडे. बारावी विज्ञानानंतर सीईटी देऊन मुले येतात, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवसापासून एमपीएससी असते. कृषी सेवा परीक्षेतून तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी ही पदे मिळतात. बँकांना कृषी क्षेत्र अधिकारी लागतात. भारतीय वनसेवेलाही ही पदवी चालते. मार्ग चांगले आहेत, सन्मानाचे आहेत. पण जागा मोजक्या आणि उमेदवार हजारोंनी. पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये ॲग्रीची मुले पाच-पाच वर्षे बसलेली दिसतात. या काळात हातातली विद्या गंजते. माती ओळखणारी बोटे फक्त पर्यायांचे गोल काळे करत राहतात. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी किती वर्षे द्यायची, हे आधीच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशोधनाची वाट वेगळी. एमएस्सी, पीएच. डी., राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था किंवा विद्यापीठे. कृषी विज्ञान केंद्रांत विषय विशेषज्ञाचे काम असते. गावाजवळ राहून संशोधन पोहोचवायची ज्याला आवड आहे, त्याने ते जरूर पाहावे. अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र यांच्या स्वतंत्र पदव्या आहेत, त्यांचे रस्ते कारखान्यांकडे आणि बंदरांकडेही जातात. बियाणे कंपन्यांचे गाव म्हणजे जालना. तिथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ सुरू केली, तेव्हापासून बीजोत्पादनात कितीतरी कृषी पदवीधर तिथे घडले. जळगावात ठिबक सिंचनाचा उद्योग. नाशिकजवळ मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी उभी करणारे विलास शिंदे राहुरीचेच कृषी अभियंता. पदवीच्या जोरावर स्वतःचे सल्ला केंद्र किंवा सेवा केंद्र काढायला २००२ पासून केंद्राची ॲग्री क्लिनिक योजना आहे. ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि नाबार्डमार्फत कर्जावर ३६ टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान.

मला सर्वांत आशा वाटते ती द्राक्षपट्ट्यातल्या सल्लागारांकडे पाहून. नाशिक, सांगली, तासगावकडे हा आता रीतसर व्यवसाय आहे. बागायतदार एकरावर किंवा भेटीवर पैसे मोजतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा फुटला की सल्लागाराच्या फेऱ्या सुरू होतात. तो आधी बागेच्या दाट, ओलसर कोपऱ्यात शिरतो, पान उलटे करतो. वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली की डाऊनी आला. आदल्या रात्री पाने किती तास ओली राहिली हे विचारून तो पुढची फवारणी ठरवतो. देठ परीक्षणाचा अहवाल पाहून खते बदलतो. डिपिंग कधी, पाणी उतरल्यावर काय बंद करायचे, निर्यातीच्या मालाला कोणते औषध काढणीआधी किती दिवस वर्ज्य, हे सगळे त्याच्या डोक्यात हवे. हे शेवटचे किती महत्त्वाचे, ते २०१० साली कळले. वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे बागायतदारांच्या ‘सीसीसी’चे, अंश युरोपात सापडले. कंटेनर अडकले, कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. त्यानंतर उर्वरित अंशांचे ज्ञान असलेल्या माणसाला द्राक्षपट्ट्यात मान आला. या सल्लागाराला कुठल्याही परीक्षेचा निकाल वाट पाहायला लावत नाही. सल्ला चुकला तर पुढच्या हंगामात बागायतदार बोलावत नाही. बरोबर निघाला तर शेजारचे दहा जण बोलावतात.

कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारीच्या शेतकऱ्याला असा सल्लागार परवडत नाही. तिथे दुकानदार सांगेल ते औषध, हीच रीत आहे, आणि राज्याचा बहुसंख्य शेतकरी तिथेच आहे. विद्यापीठाने भरून काढायची पोकळी ती हीच. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ घराघरांत जाते, अकोल्याच्या शिवार फेरीला शेतकरी लोटतात. लोकांचा विश्वास अजून शाबूत आहे. पण चारही विद्यापीठांत प्राध्यापक आणि संशोधकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. नवी जात काढायला दहा-बारा वर्षे लागतात. मधेच शास्त्रज्ञ निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर त्याच्या निवडीचे प्लॉट कुणाच्या भरवशावर? सरकारने हा खर्च टाळणे म्हणजे शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीचे बियाणे आज खाऊन टाकणे.

दुसरीकडे विनाअनुदानित महाविद्यालये झपाट्याने वाढली. काही उत्तम चालतात. काहींत मात्र फलकावर जेवढी शेती रंगवलेली असते, तेवढीही प्रत्यक्षात दिसत नाही. म्हणून ज्यांची मुले यंदा या शाखेकडे निघाली आहेत, त्यांना एक कळकळीचे सांगणे. अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात एकदा जाऊन या, तेही पिके उभी असताना. मुलांच्या नावाचे पीक उत्पादनाचे वाफे दाखवा म्हणा. माती परीक्षणाची प्रयोगशाळा उघडायला सांगा आणि तिथले शेवटचे नमुने कधी तपासले ते विचारा. गोठ्यात जनावरे आहेत का पाहा. शिकवणारे किती कायम आणि किती तासिका तत्त्वावर, हेही विचारा. संकोच करू नका, चार वर्षांची फी तुम्ही भरणार आहात. ज्या महाविद्यालयाला स्वतःचे पिकते शेत नाही, तिथे मुलाला घालू नका.